अंगठेबहाद्दर बायकांची बँक

मराठीत ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द हिणवण्यासाठीच वापरला जातो. ज्याला सही येत नाही, त्याला व्यवहारातलं काय कळणार, असा त्यातला भाव. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्यासमोर हीच अडचण येऊन उभी राहिली. अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या प्रवर्तकांच्या बँकेला परवाना देता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं कळवलं आणि अर्ज परत आला.

म्हसवड माण तालुक्यात येतं. महाबळेश्वरही याच जिल्ह्यातलं, पण तिथे पाऊस थांबता थांबत नाही आणि इकडे ढग नुसते वरून निघून जातात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना या माणदेशातली मेंढरं, घोंगडी आणि चारा-पाण्यासाठी घर सोडून निघालेली माणसं वेगळी सांगायला नकोत. अशा मुलखात पुरुष कामाच्या शोधात बाहेर पडतो आणि घर, जनावरं, म्हातारी माणसं, उधारी हे सगळं बाईच्या अंगावर येतं. तरीही तिच्या नावावर काही नसतं.

या बँकेमागच्या चेतना सिन्हा मुंबईत वाढल्या. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात त्या घडल्या आणि विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून म्हसवडला आल्या. एक दिवस रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला रोजच्या कमाईतून थोडे पैसे बाजूला टाकायचे होते. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घालायचा, एवढाच तिचा बेत होता. पण इतक्या लहान रकमेचं खातं उघडायला बँक तयार नव्हती. कर्ज मागितलं असतं तर नकाराचं कारण तरी समजलं असतं. इथे तर बाई स्वतःचेच पैसे ठेवायला आली होती. चेतनाताईंना ही गोष्ट जिव्हारी लागली. कोणी अशा बायकांचं खातं उघडत नसेल तर आपणच बँक का काढू नये, असा विचार त्यातून पुढे आला.

त्या वर्षांतलं महाराष्ट्राचं वातावरण इथे आठवायला हवं. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनात बायका प्रचंड संख्येनं जमल्या होत्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मांडली आणि काही गावांतल्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. १९९३ मध्ये घटनादुरुस्तीनं पंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांकडे आल्या. १९९४ मध्ये राज्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. कागदावर बाईचं नाव येऊ लागलं होतं. बँकेचा कागद तेवढा राहिला होता.

अर्ज फेटाळला गेल्यावर चेतनाताईंना रडू आलं, असं त्यांनीच सांगितलं आहे. गावातल्या बायकांना मात्र त्या रडण्याचं कारणच कळेना. लिहिता येत नाही ना, मग शिकू, आणि परत अर्ज करू, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. दिवसभर रानात राबून आलेल्या बायका रात्री पाटी घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या.

पाच-सहा महिन्यांनी त्या बायका रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसल्या. आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, तेव्हा अडाणीपणाचा दोष आमच्यावर घालू नका, असं त्यांनी ठणकावलं. पुढे त्यांनी आव्हानच दिलं: कुठलीही मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, आणि कोणाचं आधी होतं ते बघा.

हे आव्हान हवेतलं नव्हतं. हजार रुपये महिना शेकडा पाचनं घेतले तर तीन महिन्यांचं व्याज दीडशे, हा हिशेब सावकाराच्या दारात उभी राहणारी बाई चालता चालता करते. आठवडी बाजारात वाट्यावर भाजी विकणारीला, भिशी चालवणारीला आणि उधारीवर बांगड्या भरणारीला पाव, निम्मं, दीडपट सगळं तोंडपाठ असतं. चुकलं तर तिच्या घरात संध्याकाळची चूल पेटत नाही. बँक चालवायला जे मुख्य लागतं ते या बायकांकडे होतंच, फक्त अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता.

१९९७ साली परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बायकांनी भागभांडवल स्वतःच गोळा केलं होतं.

बँक उघडली तरी बायका शाखेत येईनात, कारण येण्या-जाण्यात दिवसाची मजुरी बुडत होती. मग बँकच बाजारात आणि दारापर्यंत जाऊ लागली. डब्यात किंवा उतरंडीत लपवलेला पैसा घरात कोणाच्याही हाती लागतो, खात्यातल्या पैशावर मात्र तिचं नाव असतं.

पुढे दुष्काळ पडला. २०१२ मध्ये एक बाई चाऱ्यासाठी सोनं गहाण ठेवायला बँकेत आली. बायकांना धंदा शिकवता, पण पाणीच नसेल तर तो करायचा कसा, असा तिचा रोखठोक सवाल होता. त्यातून म्हसवडला चारा छावणी उभी राहिली. महिनाभरासाठी म्हणून सुरू केलेली ही छावणी दीड वर्ष चालली आणि हजारो जनावरं जगली. बँकेनं छावणी चालवावी असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण इथे जनावर हीच बाईची ठेव असते, आणि ती बुडताना बँकेनं नुसतं बघत बसणं शोभलं नसतं.

मधल्या काळात बायकांसाठी फिरती व्यवसायशाळा निघाली. २००८ साली सामुदायिक रेडिओ सुरू झाला आणि माणदेशी ओव्या त्यावरून ऐकू येऊ लागल्या. शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं काम शिकलेल्या बायका गावोगाव जाऊ लागल्या. एरवी पुरुषांचं समजलं जाणारं हे काम. २०१८ साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेचं सह-अध्यक्षपद सात स्त्रियांकडे होतं. त्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख ख्रिस्तीन लगार्द होत्या, नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग होत्या आणि म्हसवडच्या चेतना सिन्हाही होत्या.

अंगठ्याची गोष्ट मात्र अजून संपलेली नव्हती. डिजिटल व्यवहार आले तेव्हा बँकेनं बायकांना पिन क्रमांक देऊ केला. आता सगळ्यांना आकडे वाचता येतात, तेव्हा हे सोपं जाईल अशी समजूत. बायकांनी ते नाकारलं. पिन कोणालाही कळू शकतो आणि ज्याला कळेल तो पैसे काढून नेईल. अंगठा कोण चोरणार? त्याच्यावरच व्यवहार करा, असा त्यांनी आग्रह धरला. घरातल्याच कोणीतरी पैसे काढून नेल्याचा अनुभव असल्याशिवाय असा मुद्दा सुचत नाही. कार्यालयात बसून योजना आखणाऱ्याच्या तो ध्यानात येणं अवघडच होतं. बँकेनं त्यांचं ऐकलं आणि अंगठ्यावर चालणारे व्यवहार सुरू झाले.

अंगठा वाचणाऱ्या यंत्रांची एक अडचण आहे. खुरपं, विळा आणि मातीनं बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि झिजलेला ठसा यंत्र पहिल्या खेपेला घेईलच असं नाही. मग बाई पदरानं अंगठा पुसते, पुन्हा काचेवर टेकवते, दाबून धरते आणि ठसा उमटेपर्यंत हलत नाही.