सस्पेन्शनवाली विजेची एकचाकी

विजेच्या एकचाकीला हँडल नसते. दोन्ही बाजूंच्या पायपट्ट्यांवर उभे राहून पुढे झुकले की जायरोस्कोप तो कल ओळखतो आणि मोटर चाक पुढे रेटून तोल सावरते. शेन चेन यांची सोलोव्हील ही अशी एकचाकी २०११ मध्ये आली. त्यानंतर कित्येक वर्षे खड्ड्यांचे हिसके सोसायचे ते स्वाराच्या गुडघ्यांनीच. २०२० च्या इनमोशन व्ही११ या एकचाकीत हवेचे सस्पेन्शन आले. पायपट्ट्या ८५ मिलिमीटरपर्यंत वरखाली होतात. पहिल्यांदा चढणारा दचकतो, कारण पायाखालची पट्टी दबते. म्हणून हवेचा दाब स्वाराच्या वजनानुसार ठेवावा लागतो. गावच्या शेतवाटेवर या सस्पेन्शनचा उपयोग खरा. डांबरी रस्त्यावर तो निम्मा चैनीचाच. भारतात नोंदणीतून सूट मिळते ती २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या वाहनांना. व्ही११ ची मोटर मात्र २,२०० वॉटची आहे, म्हणून ती या सवलतीत बसत नाही.