स्टॅग मास्तरांचं मैदान

गोष्ट 1889च्या सुमाराची. येल विद्यापीठात एक गादी गुंडाळून दोरीनं टांगलेली असायची. मुलं लांबून धावत यायची, खांदा खाली घालून तिला कवेत घ्यायची आणि अंग झोकून द्यायची. पळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला धरून पाडायचं, ज्याला तिकडे टॅकल म्हणतात, त्याचा हा सराव. तो एकमेकांच्या अंगावर करायचा तर सरावातच हाडं मोडायची. गादीला काही लागत नाही, आणि एकच चूक शंभर वेळा सुधारता येते. ही युक्ती काढणाऱ्या खेळाडूचं नाव आमोस अलोन्झो स्टॅग. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा इतिहास या माणसाला वगळून सांगताच येत नाही.

आपण फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. यात चेंडू लंबगोल असतो, हातात धरून पळायचं असतं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला पाडायचं असतं. स्टॅगच्या काळात तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकलं नाही, तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जायचा. चेंडू पुढे फेकायला परवानगी नव्हती. त्यामुळे अकरा जणांनी घोळका करायचा आणि पाच यार्ड रेटून काढायचे, हीच मुख्य चाल. बहुतेकांच्या डोक्यावर शिरस्त्राणही नसायचं.

स्टॅगचा जन्म 16 ऑगस्ट 1862चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. वडील चांभारकाम करायचे, घरात आठ भावंडं. येलला तो गेला धर्मोपदेशक व्हायला. पैसे वाचवण्यासाठी बिस्किटांवर दिवस काढता काढता अशक्तपणानं आजारी पडला, तरी शिक्षण सोडलं नाही. बेसबॉलमध्ये तो येलचा नावाजलेला पिचर होता. व्यावसायिक संघ पैसे देऊ करून बोलवत होते, त्यांना त्यानं नकार दिला. खेळ पैशासाठी नाही, यावर त्याची श्रद्धा होती. 1888चा येलचा फुटबॉल संघ तर अचाटच होता. 13 सामन्यांत त्यांनी 698 गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही दिला नाही. त्या संघात स्टॅग कडेच्या जागी, ‘एंड’ म्हणून खेळायचा. पुढच्या वर्षी देशभरातून निवडलेल्या पहिल्या ‘ऑल अमेरिका’ संघातही त्याचं नाव होतं.

मग एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, ती मान्य करणं सोपं नसणार. आपल्याला लोकांपुढे बोलता येत नाही. प्रवचन देणं हेच ज्याचं काम, त्याचा शब्दच पोचत नसेल तर काय करायचं? त्यानं धर्मशास्त्र सोडलं आणि 1890मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत दाखल झाला. जे व्यासपीठावरून सांगता आलं नाही ते मैदानावरून शिकवायचं, असं त्यानं ठरवलं. तिथल्या त्याच्या फुटबॉल संघात जेम्स नेस्मिथ नावाचा एक कॅनेडियन होता. याच नेस्मिथनं डिसेंबर 1891मध्ये बास्केटबॉल शोधून काढला. 11 मार्च 1892 रोजी त्या खेळाचा पहिला जाहीर सामना झाला, शिक्षकविरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थी 5-1 असे जिंकले आणि शिक्षकांचा एकमेव गोल स्टॅगचा होता. आपल्याकडे बास्केटबॉल आला तो वायएमसीएच्याच वाटेनं. 1920मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय उभारणारे हॅरी क्रो बक हेही स्प्रिंगफील्डचेच. मुंबईच्या नागपाड्यात आज मुलं बास्केटवर चेंडू टाकतात, त्या धाग्याचं दुसरं टोक त्या शाळेत आहे.

येलला स्टॅगला बायबल शिकवणारे प्राध्यापक विल्यम रेनी हार्पर रॉकफेलरच्या पैशातून शिकागो विद्यापीठ उभं करत होते. त्यांनी या विद्यार्थ्याला वर्षाला 2,500 डॉलर आणि सहयोगी प्राध्यापकाचं पद देऊ केलं. मला या साऱ्या कारकिर्दीत सर्वांत मोलाची वाटते ती ही नेमणूक. तोवर संघ चालवायचा तो कर्णधार. जुने खेळाडू येऊन चार गोष्टी सांगायचे आणि निघून जायचे. प्रशिक्षक हा कायमचा शिक्षक असतो, त्याची जागा इतिहासाच्या किंवा गणिताच्या प्राध्यापकाशेजारी असते, हे शिकागोनं पहिल्यांदा कागदावर आणलं. 1 ऑक्टोबर 1892ला विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी फुटबॉलचा सरावही. मुलं इतकी थोडी होती की पहिल्या हंगामात मास्तर स्वतःच खेळायला उतरले.

तिथे ते 41 हंगाम राहिले. खेळाडूंच्या पाठीवर आकडे, चाल सुरू होण्याआधीच बाजूला धावत सुटणारा गडी, एकीकडे पळत जाऊन चेंडू उलट्या दिशेच्या सोबत्याकडे देणं, अशा कितीतरी गोष्टी त्यांनी आणल्या किंवा रुळवल्या. सिगारेट नाही, दारू नाही, तोंडात शिवी नाही. फार रागावले तर मुलाला ‘गाढव’ म्हणायचे. 1894मध्ये त्यांनी विद्यापीठातल्याच स्टेला रॉबर्टसनशी लग्न केलं. त्या सामन्यांना बसून चालींची टिपणं काढायच्या. संघाच्या यशातला त्यांचा वाटा आजही फार कमी सांगितला जातो.

30 नोव्हेंबर 1905. समोर मिशिगन, सलग 56 सामने न हरलेला संघ. हार्पर कर्करोगानं अंथरुणाला खिळले होते, त्यांना सामन्याची बातमी फोनवरून कळवली जात होती. दोन्हीकडे शून्य. शिकागोच्या वॉल्टर एकर्सॉलनं लाथेनं उंच उडवलेला चेंडू मिशिगनच्या खेळाडूनं स्वतःच्या गोलरेषेमागे झेलला. तिथेच थांबला असता तर काही बिघडत नव्हतं, पण तो पळत बाहेर आला, पुन्हा मागे रेटला गेला आणि रेषेपलीकडे पाडला गेला. त्याचे दोन गुण शिकागोला. 2-0, सामना याच गुणांवर संपला. सहा आठवड्यांनी हार्पर वारले.

त्याच वर्षाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. देशभरात त्या हंगामात या खेळानं 18 बळी घेतल्याची नोंद शिकागोच्या वृत्तपत्रानं केली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. आणि ‘कोलिअर्स’ साप्ताहिकानं विद्यापीठं फुटबॉलसाठी अभ्यासाचे नियम कसे वाकवतात हे छापलं, त्यात शिकागो आणि एकर्सॉलही होते. एकर्सॉलला पदवी कधीच मिळाली नाही. प्रशिक्षकाला प्राध्यापकाचा मान देणाऱ्या विद्यापीठात खेळाडू मात्र विद्यार्थी म्हणून मागे राहिला, ही या गोष्टीतली खरी जखम आहे, आणि स्टॅग मास्तरांबद्दल कितीही आदर असला तरी त्यांना यातून सोडता येत नाही. नियम समितीवर मात्र त्यांनी मनापासून काम केलं. 1906मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, घोळक्याची रेटारेटी मोडायला लागली आणि खेळाला आजचं रूप येऊ लागलं.

1932मध्ये वयाची सत्तरी आली म्हणून विद्यापीठानं त्यांना प्रशिक्षकपदावरून निवृत्त केलं. दुसरं बसून करायचं काम देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. ते कॅलिफोर्नियात स्टॉकटनला गेले आणि कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये पुन्हा शिट्टी गळ्यात घातली. इकडे शिकागोनं 1939मध्ये मोठ्या पातळीवरचा फुटबॉल बंदच केला. विद्यापीठाचं मैदान, ‘स्टॅग फील्ड’, ओस पडलं. त्याच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षक गॅलरीखालच्या खोलीत 2 डिसेंबर 1942 रोजी एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइट आणि युरेनियम रचून पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. ज्यांच्या नावाचं ते मैदान, ते ऐंशीचे मास्तर तेव्हा दोन हजार मैलांवर मुलांना टॅकल शिकवत होते. पुढच्या वर्षी, 81व्या वर्षी, ते देशातले वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

1946नंतर ते पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना विद्यापीठात गेले. तिथे त्यांचा मुलगा प्रशिक्षक होता आणि वडील त्याच्यासोबत काम करत. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर 314 विजय होते. तो आकडा अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी ओलांडला 1981मध्ये, मास्तर गेल्यावर सोळा वर्षांनी.

नव्वदी उलटल्यावर ते स्टेलांसह स्टॉकटनला परतले. तिथल्या ज्युनिअर कॉलेजच्या मैदानावर ते लाथेनं चेंडू उडवणाऱ्या मुलांना शिकवायला जायचे. पाय कुठे टेकवायचा, नजर कुठे ठेवायची, पुन्हा एकदा, आणखी एकदा. शहाण्णवाव्या वर्षापर्यंत जात होते.