विश्लेषण : छोट्या होडीचा डेक घसरडा का होतो? त्यावर कोणता थर बसवावा?

कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांबरोबर आता फायबरच्या लहान होड्याही सर्रास दिसतात. त्या हलक्या असतात आणि धुवायलाही सोप्या. मात्र ओल्या फायबरवर पाय ठरत नाही. दोन्ही हातांत जाळे असताना पाय सटकला तर माणूस थेट पाण्यात जातो, आणि होडीत एकटाच असेल तर त्याला वर ओढणारेही कोणी नसते. बाजारात घसरण रोखणारे अनेक पर्याय आहेत. त्यातला कोणता घ्यावा?

पाय नेमका का घसरतो?

फायबरचा सर्वांत वरचा थर, म्हणजे जेलकोट, गुळगुळीत असतो. त्यावर पाणी पडले की तळपाय आणि डेक यांच्यात पाण्याचा पातळ पडदा तयार होतो. माशांचा बुळबुळीतपणा, डिझेलचे थेंब किंवा शेवाळ मिसळले की तो आणखी निसरडा होतो. खरखरीत पृष्ठभागाची टोके हा पडदा भेदून पायाला धरतात. मऊ पृष्ठभाग पायाखाली किंचित दबतो, त्यामुळे पकड मिळते.

पर्याय कोणते?

वाळूमिश्रित रंग : सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ. पकड उत्तम मिळते, पण अनवाणी पायांना आणि गुडघ्यांना टोचतो. दाणा जाड असेल तर नायलॉनचे जाळे त्यात अडकते, घासून झिजते. वाळूऐवजी प्लास्टिकचे बारीक गोल दाणे वापरल्यास टोचणे कमी होते.

ईव्हीए फोम : चपलांच्या तळव्यात असतो तसाच फोम. होड्यांसाठी तो साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या, मागे गोंद लावलेल्या पट्ट्यांत मिळतो. पाणी शोषत नाही, वजनाला हलका असतो आणि तासन् तास उभे राहणाऱ्याच्या पायांना आराम देतो. मात्र गळ, सुरी किंवा नांगर लागला की फाटतो. गडद रंगाचा फोम एप्रिल-मेच्या उन्हात इतका तापतो की अनवाणी उभे राहवत नाही. म्हणून फिका रंग घ्यावा.

रबरी मॅट : मार सोसते, पण जड असते. ती न चिकटवता नुसती अंथरली तर मॅटच सरकते आणि धोका उलट वाढतो.

सागवानी फळ्या : पायाला चांगल्या, दिसायला देखण्या, पण महाग. डेकच्या आत प्लायवूड असेल तर स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते.

घरातला गालिचा मात्र टाळावा. तो खारे पाणी धरून ठेवतो आणि कुबट होतो.

सगळीकडे एकच थर का नको?

कारण होडीच्या प्रत्येक भागातले काम वेगळे असते. जाळे ओढण्याची, नांगर टाकण्याची आणि चढ-उतार करण्याची जागा इथे पकड महत्त्वाची, म्हणून वाळूमिश्रित रंग. इंजिनाजवळ सुकाणू धरून उभे राहण्याच्या जागी आराम हवा, म्हणून फोम. मासे निवडायला गुडघ्यावर बसावे लागते, तिथे बारीक गोल दाण्यांचा रंग. पर्यटकांच्या होडीत लोक ओल्या चपलांनी चढतात. तिथे पाऊल पडणारी पहिली जागा आधी खरखरीत करावी.

काम कसे आणि कधी करावे?

नव्या फायबरवर साच्यातले मेण राहिलेले असते. ते आधी सॉल्व्हंटने पुसावे, मगच ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर मारावा. क्रम उलटा केला तर मेण ओरखड्यांत बसते आणि रंग पापुद्र्यांसारखा सुटतो. पहिला हात ओला असतानाच वाळू भुरभुरावी. वाळल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा हात द्यावा. किनाऱ्यावरची वाळू नको, तिच्यात मीठ असते. धुऊन सुकवलेली सिलिका वाळू वापरावी. पाणी निघून जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात.

यांत्रिक होड्यांसाठी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. होडी तेव्हा किनाऱ्यावर असली तरी हवा दमट असते आणि ओलसर फायबरवर रंग किंवा गोंद धरत नाही. त्यामुळे हे काम मे महिन्यातील कोरड्या दिवसांत उरकावे किंवा पक्क्या छपराखाली करावे.

विकत घेण्याआधी काय तपासावे?

दुकानात कोरड्या तुकड्यावरून हात फिरवून काही कळत नाही. वीतभर तुकडा आणून डेकवर तात्पुरता घट्ट चिकटवावा. होडी किनाऱ्याला बांधलेली असतानाच त्यावर समुद्राचे पाणी आणि माशांचे पाणी ओतावे, आधार धरून पाय पुढे-मागे आणि आडवा सरकवून पाहावा. दुपारच्या उन्हात तो किती तापतो, हेही पाहावे.

थर कोणताही असो, खाचांत माशांचा चिकटा साचला की पकड जाते. रोज होडी किनाऱ्याला लागल्यावर ब्रशने डेक घासून धुवावा आणि फोमच्या कडा उचलल्या आहेत का, ते पाहावे. सुटलेल्या कडेत पाय अडकूनही माणूस पडतो.