व्हिक्टोरियन कालखंडातील सचित्र बालपुस्तके : चित्रकार, कारागीर आणि मुद्रक

प्रस्तावना :
राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७-१९०१) इंग्लंडमध्ये सचित्र बालपुस्तकाला स्वतंत्र प्रतिष्ठा प्राप्त झाली. याचे श्रेय सामान्यतः जॉन टेनियल, वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ कॅल्डेकॉट व केट ग्रीनअवे या चित्रकारांना दिले जाते. तथापि, ठसे कोरणारे कारागीर आणि मुद्रक यांचा विचार केल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही.

लाकडी ठशाचे तंत्र :
बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर चित्र काढले जाई. रेषा तेवढ्या उठावदार ठेवून उर्वरित भाग कोरून काढला जाई. छपाईचे खिळेही उठावदार असल्याने मजकूर व चित्र एकाच वेळी छापता येत असे. त्यामुळे सचित्र पुस्तके स्वस्त झाली. मात्र ठशावर थेट काढलेले मूळ चित्र कोरताना नष्ट होई. वाचकासमोर येणारी रेषा कारागिराने कोरलेली असे. लुईस कॅरल यांच्या 'ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड' (१८६५) साठी टेनियल यांनी काढलेली ४२ चित्रे डॅल्झिएल बंधूंच्या कार्यशाळेत कोरली गेली. छपाई टेनियल यांना असमाधानकारक वाटल्याने २००० प्रतींची पहिली आवृत्ती मागे घ्यावी लागली. छपाईच्या दर्जावर चित्रकाराची कीर्ती किती अवलंबून होती, हे यावरून स्पष्ट होते.

एडमंड इव्हान्स यांचे कार्य :
बालपुस्तकांच्या रंगीत छपाईत मुद्रक एडमंड इव्हान्स (१८२६-१९०५) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रथम मुख्य ठशावरून काळ्या रेषा छापल्या जात. त्या प्रतीवर चित्रकार रंग भरी व त्यानुसार प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा तयार होई. ग्रीनअवे यांच्या 'अंडर द विंडो' या पुस्तकाच्या २०,००० प्रती इव्हान्स यांनी प्रथमच छापल्या. प्रकाशकास ही संख्या अवाजवी वाटली. परंतु त्या लवकरच संपल्या व पुनर्मुद्रण करावे लागले.

मोबदल्याचा प्रश्न :
लोकप्रियतेचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. क्रेन यांना सहा पेनी किमतीच्या पुस्तकांसाठी एकरकमी मोबदला मिळे. खप वाढला तरी त्यात वाढ होत नसे. हा अनुभव लक्षात घेऊन कॅल्डेकॉट यांनी १८७८ पासूनच्या आपल्या पुस्तकांसाठी प्रत्येक प्रतीमागे एक पेनी स्वामित्वधन घेतले. पुस्तके न खपल्यास काहीच मिळणार नव्हते. हा धोका पत्करल्यामुळे खपातील वाटा चित्रकारास मिळाला. ठसे कोरणाऱ्या बहुसंख्य कारागिरांना मात्र असा वाटा नव्हता. त्यांचे काम कार्यशाळेच्या नावाने ओळखले गेले.

निष्कर्ष :
शतकाच्या अखेरीस छायाचित्रणाधारित मुद्रणपद्धती रूढ होऊन हाताने ठसे कोरण्याचा व्यवसाय मागे पडला. पुढे कॅल्डेकॉट व ग्रीनअवे यांच्या नावांनी चित्रकारांसाठी पदके सुरू झाली. कारागीर विस्मृतीत गेले. म्हणून बालसाहित्याच्या अध्यापनात चित्राचे रसग्रहण करताना त्यामागील श्रमविभागणीचाही परिचय विद्यार्थ्यांना करून देणे आवश्यक ठरते.