चावी फिरवली आणि भिंत पडली

सुट्टीत मामांच्या गॅरेजात बसलो असताना डोळ्यांदेखत कंपाउंडची भिंत पडली. दुरुस्तीला आलेल्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा दांडा ‘डी’वर होता. पोऱ्याने न बघता चावी फिरवली, इंजिन पेटले आणि गाडी पुढे उडाली. मध्ये कोणी उभे नव्हते, हे नशीब!

वास्तविक ‘डी’वर अशी गाडी चालूच व्हायला नको. मामांनी खाली वाकून पाहिले. गिअरबॉक्सवरचा न्यूट्रल स्विच बिघडला होता आणि कुणीतरी त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून ठेवल्या होत्या. याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. हा शब्द मराठी आणि कन्नड दोन्ही मिस्त्र्यांना सारखाच कळतो.

बॅटरीकडून स्टार्टरला जाणाऱ्या जाड केबलमधून शंभराहून अधिक अँपिअर वाहतात. तिथे हा स्विच बसवत नाहीत. चावीकडून सोलेनॉइडकडे एक बारीक वायर जाते, तिच्यात तो एकसर जोडतात. दांडा ‘पी’ किंवा ‘एन’वर असेल तरच तो जुळतो. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, संयुक्त खात्याच्या चेकवरची दुसरी सही! सोलेनॉइडचा प्रवाह स्विचला झेपणार नसेल तर मध्ये रिले घालावा. त्याच्या ३० क्रमांकावर बॅटरी, ८७ वर सोलेनॉइड, ८५ वर अर्थ, आणि ८६ वर चावीची वायर, फ्यूज व स्विचमधून आलेली.

स्विच अर्थच्या बाजूला का नको, असे मी विचारले. मोटारसायकलचा न्यूट्रलचा हिरवा दिवा तसाच तर लागतो! मामा म्हणाले, “अरे, रिले आणि स्विच यांमधली वायर घासून बॉडीला टेकली, की रिलेला आयती अर्थ मिळते. मग गिअर कोणताही असो, स्टार्टर फिरणारच.” चावीच्या बाजूची वायर टेकली तर फ्यूज उडतो आणि गाडी चालूच होत नाही. गैरसोय होते, पण कोणाचा पाय मोडत नाही.

काम सुरू करताना आम्ही बॅटरीची अर्थ काढली होती. नवा स्विच जोडून झाल्यावर ती परत लावली, चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. सोलेनॉइडची बारीक वायर सुटी करून तिला बल्ब लावला आणि एकेका जागी दांडा ठेवून चावी फिरवली. बल्ब ‘आर’वरही पेटला! स्विच किंचित तिरका बसला होता. बोल्ट सैल करून तो सरकवला, तेव्हा फक्त ‘पी’ आणि ‘एन’वर पेटू लागला. मगच मामांनी वायर सोलेनॉइडला परत लावू दिली.

भिंत मात्र अजून तशीच आहे.