सात वर्षांचा क्लब, दहा हजारांचं अरेना

बास्केटबॉल आफ्रिका लीगचा पहिलावहिला सामना १६ मे २०२१ रोजी रवांडाच्या राजधानीत, किगालीत झाला. समोर नायजेरियाच्या पोर्ट हारकोर्टचा रिव्हर्स हूपर्स, यजमान म्हणून पेट्रियट्स. कोविडमुळे प्रेक्षक मोजकेच होते, पण जगभरचे कॅमेरे पेट्रियट्सच्या एकाच माणसावर खिळले होते. जे. कोल, वय ३६, अमेरिकेतला नामांकित रॅपर. त्याचा नवा अल्बम दोनच दिवसांपूर्वी बाजारात आलेला. त्या दिवशी त्याच्या नावावर ३ गुण, ३ रिबाउंड आणि २ असिस्ट लागले. पेट्रियट्सने सामना ८३-६० असा आरामात जिंकला आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत त्या ८३ पैकी ३ गुणांचीच चर्चा जास्त झाली.

उरलेले ८० गुण करणाऱ्या क्लबची गोष्ट मला अधिक रंजक वाटते.

रवांडा हा आपल्या पुणे आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्रफळाहूनही लहान देश. तिथल्या लीगमध्ये मोठे क्लब बहुधा कुणाच्या तरी छत्राखाली असतात. आरईजी म्हणजे रवांडा एनर्जी ग्रुप, सरकारी वीज कंपनीचा संघ. एपीआर तर थेट सैन्याचा. आपल्याकडे रेल्वे आणि सेनादलाचे संघ असतात, त्याच जातकुळीचा हा प्रकार. खेळाडूला पगाराची हमी आणि क्लबला पैशाची. अशा मंडळींत २०१४ मध्ये पेट्रियट्स हा खासगी क्लब उभा राहिला. पाठीशी ना खातं, ना छावणी. तरी २०१६, २०१८, २०१९ आणि २०२० अशी चार विजेतेपदं त्याने पटकावली. मधलं २०१७चं आरईजीने नेलं. या दोघांच्या चुरशीनेच रवांडाच्या लीगमध्ये रंग भरला.

पण नुसत्या चषकांवर क्लब मोठा होत नाही, त्याला जागा लागते. किगालीच्या रेमेरा भागात अमाहोरो स्टेडियमशेजारी २०१९च्या जानेवारीत बांधकाम सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये दहा हजार आसनांचं किगाली अरेना तयार. बांधणारी कंपनी तुर्कस्तानची, सुम्मा. सहा-सात महिन्यांत एवढी वास्तू! आपल्याकडे तेवढ्या वेळात निविदा उघडली तरी पेढे वाटतात. राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा कोर्टवर पेट्रियट्स आणि आरईजी लीगच्या अंतिम फेरीत झुंजत होते. त्या वर्षीचं विजेतेपद पेट्रियट्सचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्याच छपराखाली, पात्रता फेरी पार करून त्यांनी आफ्रिका लीगच्या पहिल्या बारा संघांत जागा मिळवली.

ही लीग अमेरिकेची एनबीए आणि जागतिक संघटना फिबा यांनी मिळून उभारलेली. मार्च २०२०ला सेनेगलमध्ये सुरू व्हायची होती. साथ आली, सगळं वर्षभराहून अधिक पुढे ढकललं गेलं आणि पहिला हंगाम अख्खाच्या अख्खा किगालीच्या पदरात पडला. पेट्रियट्सच्या उदयात नशिबाचाही वाटा होता, हे मान्य करायलाच हवं. घरचं कोर्ट आयतं मिळालं.

लीगचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. पहिल्या हंगामात तेरा जणांच्या संघात किमान नऊ खेळाडू क्लबच्या देशाचेच हवे होते. परदेशी चारच, आणि त्यातलेही आफ्रिकेबाहेरचे फक्त दोन. अमेरिकन कोलवरचा वाद इथेच पेटला. मोरोक्कोच्या एएस सालेकडून खेळणाऱ्या टेरेल स्टोग्लिनने उघडपणे म्हटलं, की ज्या जागेसाठी कुणी आयुष्यभर घाम गाळलाय ती प्रसिद्धीपोटी दुसऱ्याला देणं बरं नव्हे. स्टोग्लिन त्या हंगामात सामन्यामागे सरासरी तीसहून अधिक गुण करणारा माणूस, म्हणजे बोलण्याचा त्याला अधिकार होता. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या. जागा एका खेळाडूची गेली, आणि पेट्रियट्सचं नाव त्याच्या जोरावर अशा घरांत पोचलं जिथे रवांडा नकाशावर दाखवता आला नसता.

कोल तीन सामने खेळून निघून गेला. खरी परीक्षा पुढेच होती. उपांत्यपूर्व फेरीत मोझांबिकच्या फेरोव्हियारियो मापुतोशी गाठ पडली. कर्णधार अरिस्तिद मुगाबे, अमेरिकेत जन्मलेला पण रवांडाकडून खेळणारा केनी गसाना, आणि बाकावर प्रशिक्षक अ‍ॅलन मेजर. हा सामना पेट्रियट्सने ७३-७१ असा, अवघ्या एका बास्केटच्या फरकाने काढला. सात वर्षांचा क्लब खंडातल्या पहिल्या चारांत! उपांत्य फेरीत मात्र ट्युनिशियाच्या मोनास्तिरने ८७-४६ अशी धूळ चारली, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत अंगोलाच्या पेत्रो दे लुआंडाने २९ गुणांनी हरवलं. जुन्या, मुरलेल्या क्लबांशी अंतर किती आहे ते त्या दोन दिवसांत लख्ख दिसलं.

पुढे अरेनाला बँक ऑफ किगालीचं नाव लागलं, ते बीके अरेना झालं. आफ्रिका लीगची बाद फेरी २०२४पर्यंत दरवर्षी तिथेच रंगली. शहर बास्केटबॉलवेडं झालं, तिकिटं खपू लागली. याचा पाया पेट्रियट्स-आरईजीच्या झुंजींनी घातला, हे कुणी नाकारणार नाही. पण आफ्रिका लीगमध्ये रवांडाची एकच जागा, ती राष्ट्रीय विजेत्याची. २०२१ आणि २०२२चं विजेतेपद आरईजीने घेतलं, २०२३ आणि २०२४चं एपीआरने. वीज कंपनी आणि सैन्य यांच्या तिजोरीपुढे खासगी क्लबने टिकायचं, म्हणजे दर हंगामाला नवा प्रायोजक आणि नवी जुळवाजुळव. एपीआरने २०२५च्या हंगामात तिसरा क्रमांक मिळवून पेट्रियट्सची खंडातली कामगिरीही मागे टाकली.

२०२२ ते २०२५ या चारही हंगामांत पेट्रियट्सला आफ्रिका लीगमध्ये परत येता आलं नाही.