रांग आणि उतार : हिमक्रीडास्थळांतील गर्दीचे अर्थशास्त्र

स्कीच्या खेळासाठी कोणते ठिकाण निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता हौशी प्रवाशाचा वाटेल. विद्यापीठीय पत्रिकेत त्याला स्थान कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणेही स्वाभाविक आहे. परंतु ज्याला सुटीचे मोजकेच दिवस मिळतात व ज्याने त्यासाठी पै-पै साठवलेली असते, तो माणूस एकच मागणी करतो : उतार मोकळे असावेत. ही मागणी पुरी होणे न होणे कशावर अवलंबून असते याचा विचार करू लागलो, की मर्यादित साधनाचे वाटप, रांग आणि मूल्य यांचा परस्परसंबंध हा अर्थशास्त्रातला एक मूलगामी प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचे विवेचन करून, त्यातून निवडीची काही गमके हाती लागतात काय हे पाहावयाचे आहे.

१. गर्दी एक नव्हे, दोन

सामान्य बोलण्यात ‘तेथे फार गर्दी असते’ असे म्हटले जाते तेव्हा दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. पहिली गर्दी डोंगराच्या पायथ्याशी, रज्जुमार्गात बसण्यासाठी लागलेल्या रांगेची; दुसरी प्रत्यक्ष उतारावर घसरत येणाऱ्यांची. पहिलीने वेळ वाया जातो. दुसरीने खेळाचा आनंद तर जातोच, शिवाय एकमेकांवर आदळून हातपाय मोडण्याचा धोका वाढतो. या दोन्ही गर्दी एकाच कारणाने एकदमच वाढतात असा समज आहे. तो बरोबर नाही. किंबहुना पुष्कळदा एक कमी केली की दुसरी वाढते.

आपल्याकडील एक परिचित दृष्टान्त घेऊ. आषाढी एकादशीला पंढरपूरची दर्शनबारी कोसच्या कोस लांबते. परंतु कोणत्याही क्षणी गाभाऱ्यात विठ्ठलाच्या पायांपाशी असणाऱ्या भाविकांची संख्या, बारी लागलेल्या इतर दिवसांपेक्षा फारशी निराळी नसते. दार जेवढ्यांना आत सोडते, तेवढेच आत असतात. बाकीचे सारे बारीत. हिमक्रीडास्थळी हे दाराचे काम रज्जुमार्ग करतो.

हे दार फार जुने नाही. पूर्वी स्की पायाला बांधून माणसे स्वतःच डोंगर चढत, आणि दिवसभराच्या श्रमानंतर एखाददुसरी घसरण पदरात पडे. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे १९३४ साली अभियंता एर्न्स्ट कॉन्स्टाम याने दोरीच्या आधारे स्कीपटूंना वर ओढून नेणारे यंत्र उभारले. १९३६ साली अमेरिकेतील आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे खुर्च्यांचा पहिला रज्जुमार्ग सुरू झाला. युनियन पॅसिफिक रेल्वेचा अभियंता जेम्स करन याला ती कल्पना जहाजात केळीचे घड चढविणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. चढण्याचे श्रम संपले आणि चढण्यासाठी थांबणे सुरू झाले.

२. थोडे गणित

समजा, एका डोंगरावर एकच रज्जुमार्ग व एकच उतार आहे. वर जाण्यास १० मिनिटे व खाली येण्यास ६ मिनिटे लागतात. उताराची लांबी १,२०० मीटर व रुंदी ४० मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४८,००० चौरस मीटर आहे. रज्जुमार्ग ताशी ६०० माणसे वर नेतो. त्या दिवशी ९०० माणसे आली आहेत.

मिनिटाला १० माणसे वर पोहोचतात व प्रत्येक जण उतारावर ६ मिनिटे असतो. म्हणून कोणत्याही क्षणी उतारावर ६० माणसे असतील. याच न्यायाने खुर्च्यांवर १०० असतील. उरलेली ७४० माणसे रांगेत, आणि प्रत्येकाची प्रतीक्षा ७४ मिनिटांची. एखाद्या व्यवस्थेत असलेल्यांची संख्या ही येण्याचा वेग व आत राहण्याचा काळ यांच्या गुणाकाराएवढी असते, हे ते सूत्र होय. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची व्यापक सिद्धता दिली.

आता ९०० ऐवजी ४०० माणसे आली असे धरा. उतारावर पुन्हा ६०च माणसे आहेत! रांग मात्र २४० वर आली व प्रतीक्षा २४ मिनिटांवर उतरली. म्हणजे जोपर्यंत पायथ्याशी रांग आहे, तोपर्यंत उतारावरील दाटी येणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नसते. ती केवळ रज्जुमार्गाच्या क्षमतेवर ठरते. प्रत्येकाच्या वाट्याला ८०० चौरस मीटर हिम येते, मग माणसे ४०० असोत वा ९००.

पुढे व्यवस्थापकांनी रांगेच्या तक्रारी ऐकून जुना रज्जुमार्ग काढला व ताशी २,४०० माणसे नेणारा नवा बसविला. (वर जाण्याचा काळ सोयीसाठी तोच धरू.) ९०० माणसांच्या दिवशी प्रतीक्षा ७४ मिनिटांवरून साडेसहा मिनिटांवर आली. तक्रार मिटली खरी; परंतु उतारावर आता ६० ऐवजी २४० माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला अवघे २०० चौरस मीटर येतात. गर्दी नाहीशी झालेली नाही, तिने फक्त जागा बदलली आहे. पायथ्याशी उभी असलेली माणसे आता वेगाने खाली येत आहेत, एवढाच फरक. शिवाय रांग आखूड झाल्याची वार्ता पसरली की पूर्वी रांगेच्या भयाने घरी राहणारेही येऊ लागतात, आणि काही वर्षांत रांगही पूर्ववत् होते. शहरातील रस्ते रुंद करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

यावरून पहिले गमक मिळते. ‘आमच्याकडे अत्याधुनिक, वेगवान रज्जुमार्ग आहेत’ ही जाहिरात मोकळ्या उतारांची ग्वाही नव्हे. पाहावयाचे ते सर्व रज्जुमार्गांच्या एकूण क्षमतेचे उतारांच्या क्षेत्रफळाशी असलेले प्रमाण. उतारांची लांबी मात्र पारखून घ्यावी. जर्मन सल्लागार ख्रिस्टोफ श्राहे यांनी अनेक प्रसिद्ध स्थळांचे उतार नकाशांवरून मोजले, तेव्हा जाहीर केलेली लांबी पुष्कळ ठिकाणी बरीच फुगविलेली असल्याचे २०१३ साली उघडकीस आले.

३. जाणूनबुजून राखलेले अरुंद दार

वरील निष्कर्ष केवळ कागदी नाही. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात मॅड रिव्हर ग्लेन नावाचे छोटे हिमक्रीडास्थळ आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तेथे एकेका माणसाला नेणाऱ्या खुर्च्यांचा रज्जुमार्ग सुरू झाला. १९९५ साली स्कीपटूंच्या सहकारी संस्थेने हे स्थळ विकत घेतले. पुढे जुना रज्जुमार्ग जीर्ण झाला. त्याच्या जागी दोन वा चार जणांच्या खुर्च्यांचा रज्जुमार्ग बसविणे शक्य होते. तरीही सभासदांनी एकाच माणसाच्या खुर्चीचा मार्ग पुन्हा उभारण्याचे ठरविले, व २००७ साली तो नव्याने सुरू झाला. रांग लांब राहील हे त्यांना ठाऊक होते. उतार मोकळे राहावेत व त्यांवरचे नैसर्गिक हिम लवकर झिजू नये, यासाठी त्यांनी ती रांग पत्करली.

याच्या उलट मार्ग यूटा राज्यातील डीअर व्हॅली या १९८१ साली सुरू झालेल्या स्थळाने स्वीकारला. तेथे दिवसाला विकावयाच्या तिकिटांवरच मर्यादा घातली गेली. दार रुंद, पण अंगणात शिरणारे मोजके. यामुळे रांग व दाटी दोन्ही आटोक्यात राहतात. मात्र तिकिटाचे मूल्य चढे असते. एके ठिकाणी ग्राहक वेळ देतो, दुसऱ्या ठिकाणी पैसा. मोकळा उतार फुकट कोठेच मिळत नाही.

४. तिकीट, फेरी आणि पास

येथे मूल्याचा प्रश्न येतो. सुटीच्या दिवशी एवढी रांग लागत असताना व्यवस्थापक तिकिटाचा दर का वाढवीत नाहीत, हा प्रश्न रॉबर्ट बॅरो व पॉल रोमर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८७ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधील लेखात हाताळला. त्यांचा मुद्दा असा : ग्राहक तिकीट दिवसाचे घेतो, परंतु त्याला हव्या असतात त्या फेऱ्या. आपल्या उदाहरणातील रज्जुमार्ग सहा तासांत ३,६०० फेऱ्या देतो. माणसे ४०० असली तर प्रत्येकाला ९ फेऱ्या मिळतात, ९०० असली तर ४. तिकीट १,८०० रुपयांचे मानल्यास दर फेरीचे खरे मूल्य पहिल्या दिवशी २०० रुपये व दुसऱ्या दिवशी ४५० रुपये होते. पाटीवरचा दर स्थिर दिसतो, पण रांग त्याला आपोआप चढवीत-उतरवीत असते. म्हणून स्थिर दर हा व्यवस्थापकांचा आळस असेलच असे नाही.

हा युक्तिवाद आकर्षक असला, तरी त्याच्या गृहीतांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. रांगेत उभे राहणे हे स्वतः क्लेशकारक नाही व ग्राहक बहुतांशी सारखेच आहेत, असे त्यात मानले आहे. थंडीत कुडकुडत उभ्या असलेल्या लहान मुलाच्या पित्याला पहिले गृहीत मान्य होणार नाही. दुसऱ्या गृहीताला पासांनी छेद दिला. २००८ साली व्हेल रिसॉर्ट्स कंपनीने ‘एपिक’ व २०१८ साली तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी ‘आयकॉन’ हा अनेक स्थळांवर चालणारा हंगामी पास आणला. पास एकदा घेतला, की आणखी एक दिवस जाण्याचे मूल्य शून्य होते. मुंबईच्या उपनगरी गाडीचा मासिक पास खिशात असलेला मनुष्य एखाद्या जादा फेरीच्या भाड्याचा हिशेब करीत नाही, तसेच हे आहे. मूल्याचा लगाम सुटला की वाटपाचे सारे काम रांगेवर येऊन पडते. पासधारक शहरातून सकाळी निघून दुपारी परत येऊ शकतील अशा ठिकाणी, शनिवारी-रविवारी, याचे परिणाम तीव्रतेने दिसतात. दुसरे गमक असे : मोठ्या पासच्या जाळ्याबाहेरचे व महानगरापासून दूरचे स्थळ निवडावे. वाटेवरचा प्रवास हीच तेथील तिकिटाची न छापलेली किंमत होय.

५. काळाची निवड

स्थळाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व काळाला आहे. नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वत्र गजबजलेला असतो; अमेरिकेत जानेवारीच्या व फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारांना जोडून येणाऱ्या सुट्याही तशाच. फ्रान्समध्ये शाळांच्या हिवाळी सुट्या तीन विभागांत, वेगवेगळ्या आठवड्यांत विभागून दिल्या जातात. मागणी पसरविण्याचा हा राष्ट्रीय पातळीवरील उपाय म्हणता येईल. नववर्षानंतर या सुट्या सुरू होईपर्यंतचा जानेवारीचा काळ त्यामुळे निवांत जातो. आल्प्समध्ये निवासाची घरे पुष्कळदा शनिवार ते शनिवार अशी भाड्याने दिली जातात. निघणारे व येणारे दोघेही त्या दिवशी रस्त्यावर असतात, म्हणून अशा ठिकाणी शनिवारी उतार रिकामे व रस्ते तुंबलेले, असे उलटे चित्र दिसते.

६. गुलमर्ग : रिकामेपणाचा अर्थ

आता आपल्या देशाकडे वळू. गुलमर्ग येथे १९२७ साली स्की क्लब स्थापन झाला. तेथील रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ साली व अफरवाट पर्वतावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेणारा दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला. महाराष्ट्रातून काश्मीरला जाणारी असंख्य कुटुंबे या रज्जुमार्गात बसून आली आहेत, आणि पायथ्याची रांग त्यांच्या चांगलीच स्मरणात असेल. परंतु त्या रांगेतील बहुसंख्य लोक स्की करणारे नसतात. ते हिम पाहून त्याच पाळण्यातून खाली उतरतात. म्हणून येथे रांगेच्या लांबीवरून उतारावरील दाटीचे अनुमान काढता येत नाही. पायथा गजबजलेला आणि वरचे विस्तीर्ण उतार जवळजवळ निर्मनुष्य, असा हा प्रकार आहे.

मात्र या ठिकाणी एक सावधगिरीचा इशारा देणे अवश्य आहे. उतार रिकामा असण्याची दोन कारणे संभवतात : तेथे पोहोचणारे थोडे असतात, किंवा जाणत्यांनी तो टाळलेला असतो. अफरवाटवरील रज्जुमार्गालगतचा ठराविक भागच हिमप्रपाताच्या दृष्टीने देखरेखीखाली असतो. त्यापलीकडचे उतार निसर्गाच्या स्वाधीन आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे हिमप्रपात होऊन दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले. ताज्या हिमावर एकही रेघ नाही हे दृश्य मोहक खरे, पण ते सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. वाटाड्या, त्या दिवसाचा हिमप्रपाताचा इशारा व शोधसाधने यांवाचून अशा एकांताची इच्छा धरू नये.

७. उपसंहार

सारांश, मोकळे उतार शोधणाऱ्याने क्रमाने चार प्रश्न विचारावेत. रज्जुमार्गांची क्षमता उतारांच्या क्षेत्रफळाच्या मानाने किती आहे? येणाऱ्यांना आवर कशाने बसतो : तिकिटाने, अंतराने, की केवळ रांगेने? आपण जाणार त्या आठवड्यात आणखी कोणाच्या सुट्या आहेत? आणि उतार रिकामा असेल तर तो का रिकामा आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रसिद्ध माहितीतून पुष्कळ अंशी मिळतात. चौथ्याचे उत्तर स्थानिक जाणकारांनाच विचारावे लागते.

या विवेचनाचा उपयोग प्रवाशापुरता मर्यादित नाही. हिमालयातील राज्यांत नवे रज्जुमार्ग उभारण्याच्या योजना मांडल्या जातात, तेव्हा ताशी किती माणसे वर नेता येतील हा आकडा प्रगतीचे माप म्हणून पुढे केला जातो. वर नेलेल्या माणसांना सामावून घेण्याइतका उतार, देखरेख व बचावाची व्यवस्था तेथे आहे काय, हा प्रश्न त्याच्याही आधी विचारला पाहिजे. दार रुंद करणे सोपे असते; गाभारा रुंद करता येत नाही.